एकवीसपैकी नऊ

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कवळीवाल्यांना विमान चालवायला शिकायची हुक्की आली, तेव्हा त्यांच्या ओळखीपाळखीतल्या कोणालाही धक्का बसला नाही. कारण त्यांनी ते कोणाला सांगितलंच नव्हतं. आणि ओळखीपाळखी तरी कुठे होत्या म्हणा! शहरातले दंतवैद्य त्यांच्याकडे प्लास्टरचे जबडे पाठवायचे. ते त्यावर मेण चढवायचे, दात बसवायचे, घासूनपुसून कवळी तयार करायचे आणि परत पाठवायचे. जबडे पुठ्ठ्याच्या खोक्यातून यायचे, वर नंबराची चिठ्ठी. एकोणतीस वर्षांत त्यांनी हजारो माणसांची चावायची सोय करून दिली, पण त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलं नव्हतं. खोकी आणणारा माणूससुद्धा बेल वाजवून, खोकं दाराबाहेरच्या फळीवर ठेवून, दार उघडायच्या आत निघून गेलेला असायचा.

कामाची खोली घराच्या मागच्या बाजूला. एक खिडकी, एक दिवा, घासायचं मशीन आणि भिंतीभर फळ्यांवर मांडलेले जबडे. दात नीट घासला जातोय की नाही हे ते मशीनच्या आवाजावरून ओळखायचे. अडचण अशी, की उतरणारी विमानं बरोबर त्यांच्या छपरावरून जायची आणि तेवढा वेळ मशीनचा आवाज ऐकू यायचा नाही. मग हातातलं काम खाली ठेवून वर बघत बसण्यावाचून गत्यंतर नसे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा, एकोणतीस वर्षं. माणसाला एखाद्या गोष्टीचं वेड लागायला याहून वेगळं काय लागतं?

तीन वर्षांपूर्वी आई गेली. आईचं घर विकून बहिणीने, म्हणजे ताईने, त्यांचा वाटा त्यांच्या खात्यात टाकला आणि म्हणाली, "काहीतरी कर आता स्वतःसाठी." ते पैसे तीन वर्षं तसेच पडून राहिले. मग एका सकाळी कवळीवाले उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मोठ्या विमानतळावर जाऊन शिकवणीत नाव घालून आले.

पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की विमान शिकणं म्हणजे मुख्यतः रांगेत उभं राहणं. त्यांचं दोन माणसांचं इवलंसं विमान, आणि पुढे सात-आठ अजस्र धुडं. विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यातून हुकूम आल्याशिवाय हलायचं नाही. इंजिन मात्र चालू, आणि इंजिन चालू म्हणजे मीटरही चालू. वर गेलं तरी कुठून कोण येतंय म्हणून लांबवर घिरट्या घालायच्या. शिवाय चाक टेकलं की दरवेळी विमानतळाची फी. तासाभराचे पैसे मोजून कवळीवाले जेमतेम पंचवीस मिनिटं हवेत असत.

त्यांचा शिक्षक जेमतेम तिशीचा, पण मनाचा सरळ. सहाव्या तासानंतर तोच म्हणाला, "काका, माझ्या पोटावर पाय येईल, पण सांगतो. लायसन्सला चाळीस तास लागतात. इथे राहिलात तर तुमचे पैसे अठरा-वीस तासांत संपतील. लांबवर एक गवताची धावपट्टी आहे, तिथे गर्दी नाही, फी नाही. तिथे जा."

कवळीवाल्यांनी मान डोलावली. त्यांना त्याचे आभार मानायचे होते.

गवताच्या धावपट्टीपर्यंत दोन बस आणि वर अर्धा तास पायपीट. तिथे एक पत्र्याची शेड, एक इंधनाची टाकी, एक विमान आणि दोन माणसं. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, उन्हाने रापलेल्या, आवाज खणखणीत. दुसरा इंधनवाला. त्याला दिवसातून फार तर तीनदा काम असायचं, बाकी वेळ तो खुर्ची सावलीबरोबर सरकवत बसायचा. मनोरा नाही, रांग नाही, हुकूम नाही. पट्टा बांधला, इंजिन चालू केलं, की पाचव्या मिनिटाला चाकं हवेत.

"इथे एकच नियम," बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. "मनोरा नाही, म्हणून आपणच रेडिओवर बोलायचं. धावपट्टीला समांतर आलो, एकदा. शेवटचं वळण घेतोय, दुसऱ्यांदा. उतरतोय, तिसऱ्यांदा. उत्तर येणार नाही. तरी बोलायचं."

"कोणाशी?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"जो कोणी ऐकत असेल त्याच्याशी. शेतांवर फवारणी करणारी विमानं या बाजूने येतात. झाडांच्या उंचीवरून येणारा माणूस तुम्हाला बघत नाही, ऐकतो."

कवळीवाल्यांचे हात चांगले होते. अर्ध्या मिलिमीटरने दात कुठे खुपतोय हे बोटांनी ओळखणारे ते, विमान गवतावर असं टेकवायचे की बाई "वा!" म्हणायच्या. घरी परतताना बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकवून ते "वा" पुन्हा पुन्हा आठवत. दोन महिने गेले, लायसन्सचे निम्मे तास भरले. आता पुढची पायरी एकट्याने उडायची. एकदा बाईंनी उतरून जायचं, शेजारची खुर्ची रिकामी सोडायची, आणि कवळीवाल्यांनी वर जाऊन एक फेरी मारून यायचं. त्यांना लायसन्सपेक्षाही त्या एका फेरीची आस लागली होती.

त्या दिवशी बाई म्हणाल्या, "आज मी शेजारी बसेन, पण तोंडातून ब्र काढणार नाही. काही चुकलं तरी नाही. सात फेऱ्या मारा. सगळं नीट झालं, की आठवीला मी उतरते."

सात फेऱ्या झाल्या. सातही वेळा विमान अलगद टेकलं. कवळीवाल्यांनी इंजिन बंद केलं आणि हसून बाईंकडे पाहिलं. बाई हसल्या नाहीत. त्या उतरून शेडकडे चालू लागल्या, हे मागोमाग गेले. शेडमध्ये इंधनवाला हातात छोटा रेडिओ घेऊन बसला होता. समोरच्या फळ्यावर खडूच्या रेघा होत्या.

"किती?" बाईंनी विचारलं.

"नऊ."

"सात फेऱ्या, तीन-तीनदा. एकवीस व्हायला हवे होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही नऊ वेळा बोललात."

"एकवीस," कवळीवाले म्हणाले. "मी एकवीस वेळा बोललो. यांच्या कानावरून गेलं असेल."

इंधनवाल्याला ते लागलं. "साहेब, मला इथे दुसरं काम तरी काय आहे?"

"मी शेजारीच होते हो," बाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "पंधरा दिवस मला शंका येत होती, म्हणून आज मोजायला लावलं. तुम्ही वळता, चेहरा असा होतो जसा बोलताना होतो. आणि तोंड उघडतच नाही. मग पुढे बोलून झाल्यासारखे उतरता."

कवळीवाल्यांनी शपथेवर सांगितलं असतं, की एकवीसच्या एकवीस वाक्यं त्यांना आठवत होती. आवाजासकट. पाचव्या फेरीला घशात खाकरल्यासारखं झालं होतं, तेसुद्धा.

"घरी कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग दिवसभर बोलता कोणाशी?"

"बोलतो की," ते म्हणाले.

"मी तुम्हाला एकट्याला नाही सोडू शकत," बाई म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका. पण नाहीच सोडू शकत."

घरी पोचल्यावर कवळीवाले शर्टसुद्धा न बदलता कामाच्या खोलीत जाऊन बसले. समोर फळीवर जबडे. रोज काम करताना ते यांच्याशी गप्पा मारत. एकशेबारा नंबरच्या सुळ्याची थट्टा, चौऱ्याहत्तरच्या पुढच्या दातांचं कौतुक. ते सगळं आपण मोठ्याने बोलतो अशी त्यांची समजूत होती. आज पहिल्यांदाच त्यांनी कान देऊन ऐकलं. खोलीत आवाज नव्हता. आणि मग त्यांना भीती वाटली. विमानाची नव्हे. एकोणतीस वर्षांत आपण आणखी काय काय बोललोच नाही, याची.

त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, एक विचारू?"

"तू? आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं! विचार."

"मी सांगितलं असं मला वाटलं, आणि खरं म्हणजे सांगितलंच नव्हतं, असं कधी झालंय का गं?"

ताईने पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद केला.

"आई गेली ते तू मला सांगितलं नव्हतंस," ती म्हणाली.

"असं कसं? मी फोन केला होता. सकाळी."

"फोन केलास. 'ताई, मी बोलतोय' म्हणालास आणि गप्प झालास. मी म्हटलं, आई कशी आहे? तू म्हणालास, 'हो.' आणि ठेवून दिलास. मला दुपारी तुमच्या शेजारणीने कळवलं. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तिचा चेहरासुद्धा दिसला नाही मला."

कवळीवाल्यांना ती सकाळ लख्ख आठवत होती. पहाटेपासून ते आईच्या खोलीबाहेर बसून एकच वाक्य जुळवत होते: ताई, आई गेली. ताई, आई गेली. आठ वाजता त्यांनी ते म्हटलं होतं. त्यावर ताई कशी रडली, तिचं ते रडणंसुद्धा त्यांनी कानाने ऐकलं होतं.

"मग तू मला बोलली का नाहीस कधी? भांडली का नाहीस?"

"काय भांडू? मला वाटलं, मी तिथे यायला नको होतं तुला. शेवटची दोन वर्षं तिला तुझ्याकडे ठेवून तूच सगळं केलंस, मी आले नाही, त्याचा राग असेल. तीन वर्षं हेच धरून बसलेय मी."

"मला राग नव्हता गं," कवळीवाले म्हणाले. हे मात्र मोठ्याने, कारण ताई पलीकडे हुंदके देऊन रडायला लागली. आठवणीतलं रडणं वेगळं होतं. हे जास्त कुरूप होतं आणि थांबता थांबत नव्हतं. ते फोन कानाला धरून बसून राहिले.

शेवटी ताईने नाक पुसलं. "पण आज एकदम हे कुठून आठवलं तुला?"

"ते विमानामुळे. आता पुन्हा मोठ्या विमानतळावर जावं असं म्हणतोय."

"कसलं विमान? कुठे चाललायस?"

"मी विमान शिकतोय ते... सांगितलं नव्हतं?"

"नाही रे बाबा!" ताई ओरडली, आणि रडता रडता हसली.

बाईंना त्यांनी दुसऱ्या दिवशी बेत सांगितला. बाईंना तो पटला, पण हिशोबही दिसत होता. "तिथे तुम्ही बोलला नाहीत तर ते विचारतात. तीन-तीनदा विचारतात. इथे कोण विचारणार? पण पैसे?"

"तिथले सात-आठ तास निघतील."

"मग लायसन्स नाही होणार तुमचं. कधीच."

"नाही होणार," कवळीवाले म्हणाले. "एकदा एकटा वर जाऊन येईन. तेवढंच." मग त्यांना तरुण शिक्षकाचे राहून गेलेले आभार आठवले, आणि त्यांनी बाईंचे आभार मानले, खालच्या ओठाला बोट लावून. ओठ हलतोय की नाही हे पाहण्याची त्यांनी कालपासून काढलेली ही युक्ती होती.

पुन्हा रांग, पुन्हा धुडं, पुन्हा मीटर. तरुण शिक्षकाला त्यांचं येणं मुळीच समजलं नाही. "काका, सगळे इथून तिकडे जातात!" पण मनोऱ्यातला माणूस होता तसाच होता, घाईतला, वैतागलेला. कवळीवाल्यांनी एखादं उत्तर मनातल्या मनात दिलं, की कानात आवाज यायचा: "सहा-दोन, ऐकताय का? उत्तर द्या." सहा-दोन म्हणजे त्यांच्या विमानाचा नंबर. पहिल्या दिवशी असं अकरा वेळा झालं, चौथ्या दिवशी दोनदा. सहाव्या दिवशी एकदाही नाही. रिकाम्या खोलीत परतल्यावर मात्र त्यांच्या कानात कोणी बोलत नसे, आणि ती संध्याकाळ आता पूर्वीपेक्षा लांब वाटायची. पूर्वी ते एकटे आहेत हे त्यांना माहीत नव्हतं.

सातव्या दिवशी शिक्षक उतरला, दार लावलं आणि बाहेरून अंगठा दाखवला. कवळीवाले एकटे रांगेत लागले. पुढे नऊ विमानं. अर्धा तास गेला. हवेत घालवायचे शेवटचे पैसे तिथेच जमिनीवर जळत होते.

"सहा-दोन," कानात आवाज आला, "अजून वेळ लागेल. परत जायचंय का?"

"नाही," ते म्हणाले. "थांबतो."

मग त्यांचा नंबर लागला. शेजारची खुर्ची रिकामी असल्यामुळे विमान लवकर उचललं गेलं. सगळं शहर तिरकं झालं, सरळ झालं. त्यात कुठेतरी त्यांचं छप्पर असणार, पण शोधायला सवड नव्हती. प्रत्येक वळणावर त्यांना विचारलं गेलं, प्रत्येक वळणावर त्यांनी उत्तर दिलं. सगळी फेरी सहा मिनिटांची. चाकं टेकली.

"सहा-दोन, छान. डावीकडे वळा."

"डावीकडे वळतो," कवळीवाले म्हणाले, आणि रेडिओवर बोलताना दाबून धरायचं बटण सोडायचं राहूनच गेलं. "हे माझं एकट्याचं पहिलंच होतं. म्हणजे शेवटचंही हेच. तुम्ही रोज उत्तर द्या, उत्तर द्या म्हणत होतात ना, त्याबद्दल मला तुम्हाला केव्हापासून सांगायचं होतं, की घरी मी..."

त्यांनी श्वास घ्यायला बटण सोडलं, तेवढ्यात आवाज आला.

"सहा-दोन, जरा कमी बोला. मागे लोक खोळंबलेत."

कवळीवाल्यांना हसू फुटलं आणि समोरची काच धूसर झाली. चौपन्न वर्षांत त्यांना असं कोणीच म्हटलं नव्हतं.

"समजलं," ते म्हणाले, आणि डावीकडे वळले.