टॅरिशच्या पिंपातले दोन घोट

मर्डो गेडिसने बस डेपोत चौतीस वर्षं वेळापत्रकं आखली. निवृत्त झाला, पण जित्याची खोड जाते कुठे? आता तो सुट्टीचं वेळापत्रक आखू लागला. गेली तीस वर्षं दर जूनमध्ये तीन दिवस तो बायकोला, इशबेलला, घेऊन डोंगरात जायचा: सकाळी प्राणी-पक्षी, दुपारी व्हिस्की. त्याच्या कागदावर प्राण्यांनाही वेळ नेमून दिलेली असे. 'दहा चाळीस: ऑस्प्रे घार, मासा पकडताना. बारा पंधरा: डिस्टिलरी.' घारीला उशीर झाला की त्याला तिचा मनापासून राग यायचा.

यंदाचा कागद तर त्याने जानेवारीपासूनच कोरायला घेतला होता. टॅरिश गावच्या डिस्टिलरीत त्यांच्या लग्नाच्या वर्षी भरलेलं व्हिस्कीचं एक पिंप जूनमधल्या शनिवारी तीन वाजता उघडणार होतं. माणशी एकच घोट, तोही तिथेच प्यायचा, घरी न्यायची सोय नाही. सोडतीत मर्डोला दोन जागा लागल्या होत्या.

"गाडी कोण चालवणार?" ओटकेकला लोणी लावता लावता इशबेलने विचारलं.

मर्डोला प्रश्नच कळला नाही. आमच्याकडे घोटभर घेऊन गाडी चालवायला बसलात की परवाना गेलाच म्हणून समजा. त्यामुळे डिस्टिलरीवाले गाडी चालवणाऱ्याचा वाटा इवल्याशा बाटलीत भरून देतात, घरी जाऊन प्या म्हणतात. तीस वर्षं त्या बाटल्या इशबेलला मिळत होत्या. त्या फडताळात जात, आणि नववर्षाला मर्डो 'माझा संग्रह' म्हणून पाहुण्यांपुढे काढून स्वतःच संपवी.

"तूच की," मर्डो म्हणाला.

"मीच का? पिंप लग्नाच्या वर्षाचं ना? त्या लग्नात मीपण होते, आठवतंय का?"

"अगं, पण तुला व्हिस्कीतलं काय कळतं?"

"तीस वर्षं परतताना तू घोरायला लागेपर्यंत ऐकतेय की! मध, नासपती, ओली लोकर. तोंडपाठ आहे मला. एकदा चाखून बघते, खरं बोलतोस की थापा मारतोस."

मर्डो तडक कपाटाकडे गेला. टॅरिशला शनिवारची एक बस होती, तिचा जुना कागद त्याने शोधून काढला. तळाशी शेरा होता: 'सरासरी प्रवासी दीड. फेरी बंद करावी.' खाली वळणदार सही, त्याचीच. त्या दीडचा त्याला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

टॅक्सीवाला अख्ख्या खोऱ्यात एकच. त्यालाही सोडतीत जागा लागली होती. तिथल्या खोल्या पर्यटकांनी वर्षभर आधीच धरल्या होत्या. चालत जावं तर अकरा मैल, आणि मर्डोचा गुडघा डाक घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्या घोड्यासारखा कुरकुरणारा.

"माझी अट साधी आहे," इशबेल म्हणाली. "तू चालव. नाहीतर मी घरी बसते, तू एकटा जा तंगड्या तोडत."

शनिवारी मर्डोने गाडी चालवली. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. डिस्टिलरीत त्याने आपला पेला नाकाशी धरून इतका वेळ हुंगला की शेजारचे कुजबुजू लागले. इशबेलने थेंबभर पाणी घातलं, घोट घेतला आणि डोळे मिटले.

"मध ना? ओली लोकर?" मर्डोने विचारलं.

"गप्प बस जरा." तिचे डोळे भरून आले होते. मग तिने त्याच्या हातातला पेलाही अलगद काढून घेतला.

परतताना ती पाच मिनिटांत घोरू लागली. मर्डो मनातल्या मनात धुमसत होता. तळ्याच्या वळणावर काठाच्या दगडावर काहीतरी ओलं चमकलं, म्हणून त्याने गाडी थांबवली. पाणमांजर! तोंडात मासा, मागे दोन पिल्लं एकमेकांना ढकलतायत. मर्डो श्वास रोखून बघत राहिला. दिसलेल्या प्राण्यांच्या त्याच्या वहीत पाणमांजरापुढे अकरा खुणा होत्या. त्या दरवेळी त्याने घरी जाऊन, इशबेलला विचारून केलेल्या. पाणमांजर तो आज पहिल्यांदा पाहत होता. त्याला लाज वाटली, आणि हे कुणालातरी दाखवावंसं वाटलं.

"इशबेल, अगं ऊठ! पाणमांजर! दोन पिल्लं आहेत!"

तिने डोळे उघडले नाहीत. "दगडामागे बघ. एखादं मागे रेंगाळलेलं असतं. दर खेपेला हलवायचे मी तुला, उठायचास का कधी? आता मला झोपू दे."

दगडामागून तिसरं पिल्लू निघालं. ती सगळी पाण्यात उतरेपर्यंत मर्डो बघत होता. मग त्याने वही काढली, अकरा खुणांपुढे 'इशबेल' असं लिहिलं, बारावी खूण केली आणि त्या खुणेपुढे आपलं नाव घातलं.