दत्ताच्या नावाने दिलेले अंगठे

आधीच सांगतो, भूतबित, नजर, करणी यातलं मी काहीही मानत नाही. चाकणच्या एका ऑटोपार्ट कंपनीत अकरा वर्षं क्वालिटीत आहे. मोजता येतं तेवढंच खरं, ही सवय हाडीमाशी मुरलेली. तेव्हा हे वाचून कुणी लिंबू-मिरची बांधायचा सल्ला देणार असेल तर कृपया नको... उत्तर असेल तर मात्र जरूर द्या.

दत्ता आमच्याच कंपनीत प्रेस ऑपरेटर, पत्रा दाबून पार्ट काढायच्या मशीनवर. मूळचा बीडकडचा, दापोडीत आमच्याच गल्लीत भाड्याने राहतो. सात वर्षं कंपनीच्या बसमध्ये आम्ही एकाच सीटवर बसलो. भावाशी बोललो नसेन इतकं त्याच्याशी बोललो असेन.

गेल्या वर्षी कंपनीने कॅन्टीनमध्ये हृदयाच्या ठोक्यांची तपासणी ठेवली. मोबाइलशी जोडलेली एक छोटी पट्टी. तिच्यावर दोन्ही अंगठे तीस सेकंद टेकवायचे. स्क्रीनवर ठोक्यांची रेघ उमटते आणि खाली येतं — नॉर्मल किंवा अनियमित. झालं, इतकंच.

तपासणीच्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे बसमध्ये होतो. मोशी गेल्यावर दत्ता म्हणाला, "तपासणीत काही निघालं तर मला प्रेसवरून काढतेत राव. परमनंटच्या यादीत नाव आलंय, आन् छातीत मधूनच कबुतर फडफडल्यावानी होतंय. माझ्या जागी तू दे ना अंगठे."

एकाने दुसऱ्याचं कार्ड पंच करणं आमच्याकडे नवं नाही. हेही तसलंच, असं मला वाटलं. टोपी, मास्क, गॉगल घातल्यावर कोण कुणाला ओळखतो?

चहाच्या सुट्टीत मी माझ्या नावाने तपासून घेतलं. नॉर्मल. जेवणानंतर टेबलावर दुसऱ्या सिस्टर होत्या, पट्टी तीच. दत्ताचा गेटपास स्कॅन केला, अंगठे ठेवले... अनियमित. सिस्टरांनी माझे अंगठे पुसले, पुन्हा घेतलं. अनियमित. तिसऱ्यांदाही तेच. रेघेतले ठोके दिसत होते — दोन चिकटून, मग मोठी फट, मग तीन घाईघाईने. मला मात्र काहीच होत नव्हतं. "दादा, जरा बसता का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा भीती वाटली, पण ती फक्त स्वतःची. दत्ताचा विचारही मनात आला नाही, हे लिहून टाकतो.

दत्ताच्या मोबाइलवर रेघेसकट मेसेज आला, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून. त्याने तो मलाच वाचून दाखवला आणि हसला. मी दोन दिवस रजा टाकून पिंपरीत एका डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी काढला, चोवीस तास छातीला मशीन लावून फिरलो. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ठोके कधी कधी थोडा वेळ बिघडतात आणि आपोआप ताळ्यावर येतात, तसं झालं असेल.

मला ते पटलं नाही. आमच्या खात्यात एक पद्धत आहे. गेजने, म्हणजे माप तपासायच्या साधनाने, माल रिजेक्ट दाखवला की आधी गेजच तपासायचं. ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे असा मास्टर पीस त्यात घालायचा. तोही रिजेक्ट आला, तर गेज खराब. इथे मास्टर पीस मी होतो. डॉक्टरांकडे मी ओके निघालो, म्हणजे पट्टी खराब. हे मी दत्ताला बसमध्ये अगदी रंगवून सांगितलं, वर शहाणपणाही मिरवला.

त्याला तेच हवं होतं. "अंगठे तुझे, मग दुखणं माझं कसं होईल?" म्हणाला.

मी म्हणालो, "तो रिपोर्ट तुझा नाहीच. विसरून जा."

कबुतराचं मी विचारलं नाही. त्यानेही परत काढलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास प्रेससमोर त्याच्या उजव्या हातातून पार्ट निसटला. तो उचलायला वाकला तो उठलाच नाही. तोंड वाकडं झालं होतं. हॉस्पिटलमध्ये सांगितलं, ठोके अनियमित आहेत, त्यातून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. वहिनी, म्हणजे दत्ताची बायको, औषधं आणायला गेल्या होत्या, दत्ताचा मोबाइल माझ्याकडे होता. मी डॉक्टरांना तो मेसेज दाखवला. त्यांनी आत्ताचा कागद शेजारी धरला. दोन चिकटून, मग फट, मग तीन घाईघाईने.

"यांचंच आहे हे," ते म्हणाले. "बारा दिवस हातात होते. गोळ्या का सुरू केल्या नाहीत?"

मी मोबाइल खिशात टाकला. तेव्हा रडू आलं नाही, अजूनही येत नाही. कामावर जातो, गेज लावतो, शिक्के मारतो.

माझ्या अंगठ्यांतून त्याचे ठोके कसे आले, ते मला माहीत नाही. गेटपासला नाडी नसते. पट्टी बनवणाऱ्या कंपनीला मेल केला, एकाच्या रेघेवर दुसऱ्याचं नाव चुकून पडलं असेल, असं उत्तर आलं. पण माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच अंगठ्यांखाली ती रेघ उमटली होती.

दत्ता वाचला, पण आता घरी अंथरुणावरच असतो. दर रविवारी त्याच्याकडे जातो. परवा वहिनींनी चहा दिला आणि सहज विचारलं, "भाऊजी, कंपनीत तपासणी झाली होती ना? त्यात काही आलं नव्हतं का?"

मी म्हटलं, "नॉर्मल आलं होतं, वहिनी."

दत्ताला बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. त्याने हळूहळू तोंड भिंतीकडे फिरवलं. मी कपातला चहा संपवला आणि निघालो.