बयाबाई आणि मोहाचं मडकं

गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला ललितशेठच्या आजोबांनी लावलेला द्राक्षमळा आहे. तिथे अजूनही थोडी वाईन जुन्या पद्धतीने, लाकडी टबात द्राक्षं पायाने तुडवून करतात. बयाबाई तरुणपणी पेठकडच्या आदिवासी पाड्यावरून छाटणीला आली आणि तिथलीच झाली. तुडवून तुडवून तिच्या टाचांच्या भेगांत जांभळा रंग मुरला. पुढे मुंबईचे पाहुणे हौसेने टबात उतरू लागले. ते घसरू नयेत म्हणून त्यांना हात द्यायचं काम तिच्याकडे आलं.

यंदा माघात तिचे वडील गेले. त्यांच्या आदिवासी रिवाजात मेलेल्याच्या दिवसकार्याला मोहाच्या फुलांच्या दारूची धार जमिनीवर सोडावी लागते, तेव्हा कुठे गेलेल्याला वाट मिळते. म्हणून तिच्या भावाने, बुधाने, घरामागे दारू गाळायला चुलीवर मडकं चढवलं. कुणीतरी चुगली केली. पोलीस आले. साहेबाने बुटाच्या लाथेने मडकं फोडलं आणि बुधाला बायकामुलांसमोरून कॉलर धरून नेलं. बापाचा दिवस कोरडा गेला. बयाबाई माहेरच्या अंगणात उभी राहून सगळं बघत होती.

शिमग्याच्या आधी मळ्यावर वाईनचा उत्सव होता. ढोल, फोटो, हातोहाती ग्लास. ललितशेठनी हाक मारली, "मावशी, साहेबांना हात द्या."

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तोच साहेब टबात उतरत होता.

बयाबाईने हात पुढे केलाच नाही. "ह्याच पायानं माज्या बापाचं मडकं फोडलं ना, साहेब?"

ढोलवाला थांबला. साहेब तिला ओळखेना. ललितशेठ पुढे झाले. "मावशी, आपल्याकडे लायसन आहे. ते बेकायदा असतं."

"बाप मेला तर लायसन कुठं काढू?" तिचा आवाज फाटला. "तुमच्या आज्याची ती परंपरा, त्याचे फोटो काढता. आमच्या आज्याचा गुन्हा व्हय?"

"आधी साहेबांची माफी मागा."

"नाय मागत."

तिने नळावर हात धुतले आणि ती फाटकाबाहेर पडली. ललितशेठनी दोनदा निरोप धाडला, माफी मागा आणि या. ती गेली नाही. आता ती दिंडोरीकडे दुसऱ्यांच्या बागेत मजुरीला जाते.

चैत्रात मोह गळला तेव्हा ती माहेरी गेली. फुलं वेचली, वाळवली, भिजवली, आणि भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून मडकं चढवलं. जामिनावर सुटलेला बुधा हात जोडत होता, "नको बया, परत येतील."

"येऊ दे. मी हाय ना."

कुणी आलं नाही. तिने बापाच्या नावाने धार सोडली, मग द्रोण भावापुढे धरला. बुधाने तो घेतला, पण ओठाला लावेना. सारखा उठून रस्त्याकडे बघून यायचा.

ते बघून बयाबाईच्या अंगाचा नुसता भडका उडाला. बापाच्या नावाच्या दारूसाठी भावाला चोरासारखं भ्यावं लागलं, याची तिडीक तिच्या डोक्यातून अजून गेलेली नाही.