भिंतीकडची दोरी

मका वाळवायच्या यंत्राजवळ एकोणतीस हंगाम काढलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या कानामागे बघावं. भाऊंच्या कानामागे, भुवयांत, घड्याळाच्या पट्ट्याखाली, फार काय चष्म्याच्या डबीतसुद्धा लाल फोलपटं सापडत. मक्याच्या दाण्याच्या बुडाशी एक पातळ लालसर पापुद्रा असतो. गरम हवा लागली की तो सुटतो आणि पंख्याच्या वाऱ्याबरोबर बाहेर पडतो. वजन म्हणाल तर शून्य, पण एकदा अंगाला चिकटला की उठायचं नाव नाही. संध्याकाळी भाऊ घरी आले की बायको त्यांना दाराबाहेरच उभं करी आणि कपडे झाडायचा ब्रश घेऊन येई. "फिरा," ती म्हणे. भाऊ फिरत. "आता डोकं." भाऊ वाकत. हे इतकं नेमानं चाले की शेजारची पोरं पायरीवर जागा धरून बसत.

वखारीत त्यांना सगळेच भाऊ म्हणत. हमाल, मुकादम, ट्रकवाले, खुद्द मालकसुद्धा. ड्रायर म्हणजे तीन मजली उंच पत्र्याचा कोठा. वरून ओला मका आत जायचा, मधे गरम हवा खायचा आणि खालून वाळून बाहेर पडायचा. ओलावा मोजायला मीटर होतं, पण भाऊ आधी दाणा दाताखाली धरत, "चौदा" म्हणत, आणि मगच मीटरला विचारत. मीटर वेगळं काही बोललं तर त्याचा सेल बदलत. पंख्याच्या नुसत्या आवाजावरून कुठला पट्टा ढिला झालाय ते सांगत. झोप गाढ, भूक चांगली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आयुष्यात वैर म्हणावं असं एकच, आणि तेही सख्ख्या बहिणीशी.

वखारीच्या मागच्या भिंतीला लागून ताईची लाँड्री होती. खरं तर या नोकरीची खबर ताईनंच आणली होती. भाऊ तेव्हा नुसते हिंडत होते. ताईनं दंडाला धरून त्यांना मालकांसमोर उभं केलं आणि म्हणाली, "हा आमचा बारक्या. कामाला वाघ आहे, फक्त सकाळी उठवावं लागतं." भाऊ छप्पन वर्षांचे झाले तरी ताईच्या तोंडी बारक्याच होते. भिंतीत एक लहानसं दार होतं. रोज चार वाजता ताई त्या दारातून यायची, पालथ्या क्रेटवर बसायची आणि जास्त साखरेचा चहा प्यायची. चहावाल्यालासुद्धा पाठ होतं.

तीन हंगामांपूर्वी मालकांनी मोठा पंखा बसवला. मका दुप्पट वेगानं वाळू लागला आणि फोलपटं दुप्पट लांब जाऊ लागली. आधी ती वखारीच्या आवारातच पडत. आता ती भिंत ओलांडून थेट ताईच्या अकरा दोऱ्यांवर उतरू लागली. त्या दोऱ्यांवर दवाखान्याच्या पांढऱ्या चादरी वाळत घातलेल्या असत. ओल्या चादरीवर लाल फोलपट बसलं की बसलं. दवाखान्याच्या मोठ्या सिस्टरनं एकदा गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवला, वर चिठ्ठी, 'चादरींत ढेकूण आहेत.' ताईनं त्या सगळ्या पुन्हा धुतल्या. असं त्या हंगामात चारदा झालं.

ताई आली आणि म्हणाली, "बारक्या, तुझ्या यंत्राचं तोंड आवर." भाऊ हसले. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. त्या दिवशी फाटकाबाहेर ट्रकांची रांग होती, बर्नर सारखा विझत होता आणि भाऊंचं डोकं ठिकाणावर नव्हतं. चारचौघांसमोर ते म्हणाले, "वारा काय माझ्या हातात आहे? तू तुझ्या दोऱ्या हलव की दुसरीकडे!"

या दोऱ्या ताईनं नवरा गेल्यावर स्वतःच्या हिमतीवर खांब रोवून बांधल्या होत्या. त्यांच्यावर तिनं दोन मुली वाढवल्या, शिकवल्या, सासरी पाठवल्या. भाऊंना हे माहीत नव्हतं असं नाही. ते खांब रोवताना खड्डे त्यांनीच तर खणले होते. पण शब्द गेला तो गेला. ताई वळली. भिंतीतल्या दारातून परत गेली आणि पलीकडून कडी घातली. भिंतीकडची दोरी, जिच्यावर सगळ्यांत जास्त कचरा पडायचा, ती तिनं रिकामी सोडली. ड्रायरच्या शिडीवर चढलं की ती रिकामी दोरी दिसे, आणि भाऊंना दिवसातून चारदा शिडी चढावी लागे.

या वर्षी हंगामाच्या तोंडावर सरकारी साहेब आले. लाँड्रीकडून लेखी तक्रार होती. मालकांनी अर्ज मोठ्यानं वाचला, "'सदर ड्रायर चालवणारा इसम वारंवार सांगूनही दाद देत नाही.'"

"इसम?" भाऊ म्हणाले.

साहेबांनी एकवीस दिवसांची मुदत दिली. तेवढ्या दिवसांत धूळ आणि फोलपटं आवारातच रोखली नाहीत तर यंत्राला सील. मालक गंभीर झाले, मुकादम गंभीर झाला. भाऊंच्या डोक्यात मात्र एकच शब्द अडकला होता. घरी बायकोनं ब्रश उचलला तेव्हाही ते फिरले नाहीत.

"मला इसम म्हणते ती! पाठच्या भावाला!"

"मग काय लाडोबा म्हणतील?" बायको म्हणाली. "फिरा. आणि ओरडू नका, अर्ज मीच लिहून दिलाय."

भाऊ गर्रकन फिरले. नणंद-भावजयीचं कुठं पटत नाही म्हणतात. इथं त्या दोघींचं इतकं पटत होतं की भाऊंना आपणच या घरात सून म्हणून आलोय असं वाटे.

"त्यांचं अक्षर खराब आहे, म्हणून मला सांगितलं," बायको म्हणाली. "मी 'माझा भाऊ' असंच लिहिलं होतं. वन्संनी वाचलं आणि म्हणाल्या, ते खोड."

त्या रात्री भाऊंना जेवण गेलं नाही. यंत्राला सील लागलं तर हमालांना दुसरीकडे काम मिळालं असतं, मालकांनी दुसरं यंत्र आणलं असतं. पण बहिणीच्या अर्जानं भावाच्या यंत्राला टाळं लागलं, तर भिंतीतलं ते दार या जन्मी उघडणार नव्हतं. हे त्यांना पक्कं कळत होतं, आणि चूक आपली होती हेही.

पहिला उपाय भाऊंनी केला तो अगदी भाऊंनाच शोभणारा होता. त्यांनी बाजारातून मच्छरदाण्या आणल्या, शिंप्याकडून एकाला एक जोडून घेतल्या आणि यंत्राच्या तोंडाला झबल्यासारख्या बांधल्या. पंखा सुरू झाला. झबलं टम्म फुगलं, आणि बाहेर एक फोलपट येईना. हमालांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघितलं. दोन तास हा थाट टिकला. मग जाळीची भोकं फोलपटांनी बुजली, हवेला बाहेर पडायला वाट उरली नाही आणि सगळी गरमी कोठ्यात कोंडली. भाऊंना आधी पंख्याचा आवाज जड वाटला आणि पाठोपाठ भाजक्या मक्याचा वास आला. असा वास स्वयंपाकघरात आला तर तोंडाला पाणी सुटतं, वखारीत आला तर पायाखालची जमीन सरकते. भाऊंनी धावत जाऊन बर्नर बंद केला, चाकूनं दोऱ्या कापल्या, सगळा कोठा खाली करायला लावला. आग लागली नाही हे नशीब. मधला मका तांबूस पडला, तो कोंबड्यांच्या खाद्याला गेला.

मालक रागावले, पण बेतानं. "भाऊ, नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. तुम्ही नाक आणि तोंड दोन्ही दाबलंत."

सात दिवस असे फुकट गेले. आठव्या दिवशी भाऊ रखवालदाराच्या खोलीमागे तोंड धुवायला गेले आणि ओल्या तोंडानं तसेच उभे राहिले. तिथल्या कोपऱ्यात फोलपटांचा गुडघाभर ढीग होता. मोकळ्या आवारात मात्र जमीन साफ. भाऊंनी खिशातून मूठभर फोलपटं काढली (त्यांच्या खिशात ती कायम असत) आणि सोडून दिली. उघड्यावर होती तोवर ती उडाली. कोपऱ्यात शिरली, आणि वारा पडल्यावर गुपचूप खाली बसली.

"वाऱ्याला अडवायचं नाही," भाऊ रखवालदाराला म्हणाले. "त्याला दमवायचं."

रखवालदाराला काही कळलं नाही, पण त्यानं मान डोलावली. भाऊंना तेवढं पुरे होतं.

मग वेल्डर आला, गवंडी आला, जुने पत्रे निघाले. यंत्राच्या तोंडापुढे भाऊंनी एक खोली उभी केली, चांगली ऐसपैस, लग्नाचं वऱ्हाड मावेल एवढी. अरुंद तोंडातून सुसाट निघालेला वारा त्या मोठ्या खोलीत आला की त्याचा जोर जाई. फोलपटं खाली पडत आणि हवा वरच्या रुंद खिडकीतून सावकाश बाहेर जाई. खिडकीला जाळी लावली, पण मोठ्या भोकांची, आणि ती दर तासाला लांब दांड्याच्या झाडूनं झाडायचा नेम घातला. शिवाय ओला मका यंत्रात घालण्याआधीच चाळणीवरून काढायचा. हमाल कुरकुरले. "वाळवायच्या आधी चाळायचा आणि वाळवल्यावर पुन्हा चाळायचा?" भाऊ म्हणाले, "घाण घरात घेऊन मग झाडण्यापेक्षा दाराबाहेर झाडलेली बरी. माझ्या बायकोला विचारा."

मोजमापासाठी भाऊंनी घरून एक पांढरी ताटली आणली आणि मधल्या भिंतीवर ठेवली. रोज सकाळी शिडी लावून ती बघायची. पहिल्या दिवशी ताटलीत मूठभर फोलपटं होती. चाळणी सुरू झाल्यावर चमचाभर. खोली पुरी झाल्यावर चिमूटभर. सतराव्या दिवशी भाऊ शिडीवर चढले तर ताटली धुऊन, पुसून, पालथी ठेवलेली. पलीकडच्या बाजूनं कुणीतरी हात लावला होता. त्या दिवसाचं मोजमाप गेलं, आणि भाऊ दिवसभर शीळ घालत होते.

एकविसाव्या दिवशी साहेब आले. यंत्र पूर्ण जोरात चालू होतं. साहेबांनी भिंतीवरून रुमाल फिरवला, रुमाल बघितला, खोलीत वाकून बघितलं, कागद भरला. मग म्हणाले, "माझ्याकडून ठीक आहे. पण अर्जदार बाईंनी हो म्हटल्याशिवाय तक्रार बंद होत नाही." ते लाँड्रीत गेले आणि पाच मिनिटांत परत आले. "तीन दिवस बघते, मग सांगते, म्हणाल्या. तोवर सीलचा कागद माझ्या बॅगेत."

ते तीन दिवस भाऊंनी जाळी दर तासाऐवजी दर अर्ध्या तासाला झाडली. रात्रपाळीच्या माणसालाही तीच ताकीद दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते शिडीवर चढले आणि हात तसाच शिडीच्या कांबीला धरून थांबले. भिंतीकडच्या दोरीवर चादर होती. एकच, पण पांढरीशुभ्र आणि ओली. चिमटे नीट ओळीत लावलेले. ताई खाली पाठमोरी उभी होती. तिनं वर बघितलं नाही आणि भाऊंनी हाक मारली नाही. हाक मारायची छाती झाली नाही, हे खरं.

दिवसभर भाऊंचं कामात लक्ष नव्हतं. त्यांनी एक दाणा दाताखाली धरून "वीस" म्हटलं आणि मीटर चौदा म्हणालं. मुकादमानं सेल बदलायला घेतला तर भाऊ म्हणाले, "राहू दे. मीटर बरोबर आहे." हे वखारीत पहिल्यांदाच घडत होतं.

चार वाजता भिंतीपलीकडे कडी वाजली. गंजलेली होती, तीनदा ओढावी लागली. ताई आत आली. एका हातावर घडी केलेली चादर, दुसऱ्या हाताची मूठ बंद. हमाल जिथल्या तिथे थांबले. ती थेट भाऊंसमोर आली.

"एक सापडलं," ती म्हणाली.

 भाऊंनी तळहात पुढे केला. ताईनं मूठ उघडून त्यावर एक लाल फोलपट ठेवलं.

"एकच?"

"एकच. चष्मा लावून शोधलं, तेव्हा मिळालं. दुपार गेली त्यात."

"ताई, मी तेव्हा दोऱ्यांचं जे बोललो..."

"ते मला पाठ आहे. पुन्हा म्हणू नकोस."

"साहेबांना काय सांगणार आहेस?"

"सांगून झालं. फोन केला मघाशी." ताईनं पालथा क्रेट पायानं ओढला, चादर मांडीवर घेतली आणि बसली. "म्हटलं, माझ्या भावानं काम चोख केलंय. कागद फाडून टाका." तिनं वर बघितलं. "असा उभा काय राहिलास, बारक्या? चहा सांग."

भाऊंनी आधी खिशातून चष्म्याची डबी काढली आणि ते फोलपट जपून तिच्यात ठेवायला घेतलं. शेवटी मुकादमच ओरडला, "दोन चहा पाठव रे! एकात साखर जास्त!"