लंडनमधला गाववाला

घरात सुकट भाजली की मला अजून लंडनमधली ती भाड्याची खोली आठवते. खोलीतला दुसरा माणूस पोलादपूरचा, म्हणजे आमच्या महाडच्या शेजारचाच निघाला, तेव्हा आनंदाच्या भरात मी त्याला मिठीच मारली होती. त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून सुकट भाजायला घेतली. ती परतता परतता त्याने विचारलं, "महाडात कुठं रे तुझं घर?"

"तुडीलला."

"तुडीलात कुठं?"

हा प्रश्न आपल्याकडे कशासाठी विचारतात, हे मला कळत्या वयापासून ठाऊक. पण परदेशात माणूस जरा हुरळतो. मी ऐटीत सांगितलं, "बौद्धवाडीत!"

"असं हाय होय," म्हणत त्याने गॅस बंद केला. "मला आता भूक नाय."

तेवढ्यात वासाने भडकलेली गोरी घरमालकीण वर आली. "तुम्ही सगळे सारखेच!" असं ओरडत तिने दोघांनाही सामानासकट बाहेर काढलं. थंडीत फुटपाथवर उभा राहून मी म्हटलं, "चला, हिच्या लेखी तरी आपण एका जातीचे!"

हा विनोद मला तेव्हा फार भारी वाटला होता. त्याने आपली बॅग उचलली आणि माझ्या बॅगेपासून चार हात लांब नेऊन ठेवली.