ओहोटीची वेळ विचारणारी मॅग्डलीन

मॅग्डलीनचं नाव निघालं की लोक आधी तिची पदकं मोजतात. मी नाही मोजत. मला एवढंच आठवतं, की आगाशीच्या शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत धावण्यात मी पहिली यायचे आणि ती दुसरी. एकदाही उलट झालं नाही. आज हे कुणाला सांगायला गेले तर माणसं गालातल्या गालात हसतात. सुकटीची टोपली घेऊन बसणारी, गुडघे धरून उठणारी मंदा म्हणे पहिली यायची.

दहावी झाली आणि माझे वडील गेले. मी अर्नाळ्याच्या बाजारात आईच्या शेजारी जाऊन बसले. मॅग्डलीन धावत राहिली. तिच्या घरची केळीची वाडी, भाऊ सायकलवरून मागे पाण्याची बाटली घेऊन जायचा. माझ्या मागे कोण येणार होतं? धावण्यावरच तिला नोकरी लागली, लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी बाई थांबली नाही. सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि प्रौढांच्या स्पर्धेत अजून पदक आणते.

दहा वर्षांपूर्वी तिने अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मुलांना धावायला शिकवायला सुरुवात केली. विरारच्या बिल्डिंगांमधली मुलं येतात, आमच्या कोळीवाड्यातलीही. फी घेत नाही. बरं, नाही घेत तर नाही घेत, पण लोक ते मलाच येऊन ऐकवतात.

किनाऱ्यावरचं धावणं ओहोटीवर चालतं. पाणी उतरलं की खालची ओली, घट्ट वाळू उघडी पडते, तिच्यात पाय रुतत नाही. वरच्या कोरड्या वाळूत धावायचं म्हणजे पिठात धावायचं. म्हणून रोज संध्याकाळी मॅग्डलीन माझ्या टोपलीशी येऊन उभी राहायची. "मंदा, उद्या ओहोटी कधी?" आमच्यात तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात आणि तिच्यावरून ओहोटीची. मी बोटांवर मोजून सांगायचे. तेवढ्यापुरतं तरी तिचं माझ्यावाचून अडत होतं, आणि ते मला गोड लागायचं. खोटं कशाला बोलू.

सातवीत असताना माझी मुलगी प्रियल तिच्याकडे जायला लागली. मीच पाठवली. मग घरात उठता-बसता 'टीचर म्हणतात' सुरू झालं. मी नाचणीची भाकरी वाढली तर तोंड वाकडं, टीचरनी सांगितली तर दोन खाल्ल्या. जिल्ह्याचं पहिलं पदक मिळालं त्या दिवशी मी ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होते. पोरगी आधी आगाशीला मॅग्डलीनच्या घरी उतरली, तिच्या गळ्यात पदक घातलं, फोटो काढला आणि मग घरी आली. फोटो मला मोबाईलवर आधीच दिसला होता. अंगाची नुसती लाही झाली. तरी हसून ओवाळलं, काय करणार.

पुढच्याच महिन्यात पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहाचे प्रशिक्षक मुलं बघायला यायचे होते. मॅग्डलीननेच त्यांच्या मागे लागून बोलावलं होतं. ठरलेल्या वेळेच्या आत जो धावेल त्याची राहण्याची, शाळेची, सगळी सोय तिकडे. प्रियल जाणार हे सगळे धरूनच चालले होते. म्हणजे आता माझी पोरगीसुद्धा ही बाई घेऊन जाणार, असं माझ्या डोक्यात बसलं.

आदल्या संध्याकाळी ती आली. "मंदा, उद्या ओहोटी कधी?"

उद्या तृतीया. सव्वाआठला पाणी पार खाली असणार, हे मला बोटं न मोजता ठाऊक होतं.

"दहाला ये," मी म्हटलं. "पानी तेव्हाच उतरंल."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "बरं, दहाला."

दुसऱ्या दिवशी दहाला पाणी चढायला लागलं होतं. मुलगे आधी धावले, त्यांचं निभावलं. मुलींची पाळी आली तोवर घट्ट वाळू पाण्याखाली गेली आणि पोरी वरून, कोरड्या वाळूतून धावल्या. एकही ठरलेल्या वेळेत आली नाही. प्रियल नऊ सेकंदांनी राहिली. प्रशिक्षकांना पुढे जायचं होतं, ते थांबले नाहीत. पोरींच्या आईबापांनी मॅग्डलीनला घेरलं, वाट्टेल ते बोलले. ती म्हणाली, "चूक माझी. पंचांगात मधली तिथी लोपली, हिशोब माझाच चुकला." मी चार हातांवर उभी होते आणि मी तिला ते बोलू दिलं. वर राग हाच, की इथेही हीच मोठी झाली.

गेल्या महिन्यात आगाशीच्या हॉलमध्ये तिचा सत्कार झाला. तिने भावाचे आभार मानले, नवऱ्याचे मानले, मुलांचे मानले. मग म्हणाली, "शाळेत मी सहा वर्षं मंदाच्या पाठीकडे बघत धावले. मला धावायला तिने शिकवलं. आजही माझी मुलं तिने सांगितलेल्या वेळेवर धावतात." सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले, टाळ्या पडल्या. मला तेही टोचलं. एवढं चांगलं वागणं हिला परवडतं कसं?

बाहेर नळाशी ती एकटी सापडली. मी घडाघडा बोलून टाकलं, की त्या दिवशी वेळ चुकली नव्हती, मी मुद्दाम खोटी सांगितली.

तिने अंगावरची शाल काढून घडी घातली. "ओहोटीची वेळ मोबाईलवर असते, मंदा. किती वर्षं झाली."

"मग मला कशाला विचारत होतीस?"

"नसतं विचारलं तर तू माझ्याशी बोलली असतीस?"

मी नळ सोडून उगाच हात धुतले.

"त्या दिवशी मोबाईलवर सव्वाआठ होतं," ती म्हणाली. "तू दहा म्हणालीस. मला वाटलं, मोबाईल चुकेल, मंदा नाही चुकायची." "माझं जाऊ दे. प्रियल अजून मला विचारते, टीचर, माझ्यात काय कमी पडलं? मी तिला काय सांगू?"

"तू नको सांगू. मी सांगते."

आत प्रियल मैत्रिणींबरोबर खुर्च्या रचत होती. मी तिला कोपऱ्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं, पदकाच्या फोटोपासून. माझं बोलून झाल्यावर ती वळली आणि बाहेर मॅग्डलीनकडे गेली. मी तिला अडवलं नाही.