पुसलेली लेबलं

"घिसना तो इनके हाथ में है. खानदानी आदत है."

सर एवढं म्हणाले आणि माझ्या हातातला फ्लास्क काढून घेऊन त्यांनी तो पाहुण्यांच्या हातात दिला.

प्रयोगशाळेत आम्ही सात-आठ जण होतो. पाहुणे परदेशातले प्राध्यापक. फ्लास्कच्या तळाशी पांढरे स्वच्छ स्फटिक होते. कित्येक आठवडे तो पदार्थ काकवीसारखा चिकट राहिला होता, कोणालाच दाद देत नव्हता. मी रोज काचेच्या कांडीने फ्लास्कची आतली भिंत घासत बसायचे, मनगट भरून येईपर्यंत. काचेवर बारीक ओरखडे पडले की स्फटिकाला धरायला जागा मिळते, ही युक्ती पुस्तकात आहे. पण कोणतं द्रावण, किती थेंब, किती ऊब, हे पुस्तकात नाही. ते मी शोधलं होतं.

सगळे हसले. पाहुण्यांना हिंदी कळत नव्हती, तरी तेही हसले. आणि मीही हसले. सरांच्या बोलण्यापेक्षा माझं ते हसणं मला आजही जास्त डाचतं.

आम्ही विदर्भातले बौद्ध. बाबा केंद्र सरकारच्या ऑफिसात कारकून, म्हणून घर फरीदाबादला. मी तिथेच वाढले. प्रवेशाच्या यादीत माझ्या नावापुढे जी दोन अक्षरं होती, ती सरांनी पहिल्याच दिवशी वाचली होती. तेव्हाच म्हणाले, "ठीक है, आ गई हो तो काम करो." बाकीच्यांना त्यांनी बसायला खुर्ची दिली होती. मला काम दिलं. मी केलं. सरांचं नाव मोठं होतं. सेंद्रिय रसायनशास्त्रात त्यांच्या शब्दाला देशभर वजन होतं. त्यांच्या हाताखाली पीएचडी मिळणं हेच माझं भाग्य, असं मला सगळे सांगायचे. मीही स्वतःला तेच सांगायचे.

आमच्या कामात एक रीत असते. जो पदार्थ बनवतो, त्याच्या नावाची आद्याक्षरं बाटलीवर येतात. पुढे त्याच्या वहीचा क्रमांक, त्यापुढे पान. वही शाईने लिहायची, पान फाडायचं नाही, खाडाखोड झाली तर एकच रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे. वीस वर्षांनी कोणी बाटली उचलली तरी कळावं की हे कोणी, कोणत्या दिवशी, कसं केलं. सरांनीच हे शिकवलं. वर्गात ते म्हणायचे की रसायनशास्त्रज्ञाचा धर्म म्हणजे त्याची वही.

स्फटिक मिळाल्यावर महिनाभराने सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. निखिल तिथे आधीच बसला होता. आमच्याच गटातला, सरांच्या जुन्या मित्राचा मुलगा. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "यह सीरीज़ निखिल की थीसिस में जाएगी. तुम इसकी नोटबुक फेअर करवा दो. फ्रिज के लेबल भी बदल देना."

मी विचारलं, "और मेरी थीसिस, सर?"

"तुम्हारा देख लेंगे. तुम लोगों की तो सीट पक्की होती है."

बाहेर आल्यावर निखिल म्हणाला, "सॉरी यार. सर ने बोला तो क्या करूँ." आयत्या बिळावर नागोबा, आणि वर तोंड करून सॉरी!

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. हात दगडाखाली अडकला होता. माझ्या प्रबंधावर सरांची सही लागणार होती, पुढे शिफारसपत्रही त्यांचंच. मी फ्रिज उघडला. अ‍ॅसिटोनमध्ये कापूस बुडवून एकेका बाटलीवरची माझी अक्षरं पुसली. शाई आधी पसरायची, मग निळसर डाग राहायचा, मग तोही जायचा. वर निखिलची अक्षरं लिहिली. माझ्याच हस्ताक्षरात. बोटांची टोकं अ‍ॅसिटोनने पांढरी, कोरडी पडली होती. दुपारभर मी ते करत होते आणि एकदाही रडू आलं नाही. आता विचार केला की त्याचीच मला भीती वाटते.

घरी जेवताना बाबांनी माझी बोटं बघितली. काय झालं विचारलं. मी सांगितलं, सहज सांगितल्यासारखं. बाबांचा घास हातातच राहिला.

"अगं, मी तीस वर्षं फायलीवर नोटिंग लिहिलं," ते म्हणाले. "मंजुरी साहेबाची, नाव साहेबाचं, अच्छा, ठीक. पण डाव्या कोपऱ्यात माझी छोटी सही असायचीच. मला ती पुसायला आजवर कोणी सांगितलं नाही. आणि तू स्वतः पुसून आलीस?"

ते ओरडले नाहीत. ताटावरून उठून गेले. बाबांना मी कधी अर्ध्या ताटावरून उठताना पाहिलं नव्हतं. लाज म्हणजे काय ते मला त्या रात्री कळलं. ती सरांच्या थट्टेत नव्हती, ती माझ्या पांढऱ्या बोटांत होती.

माझी खरी वही मात्र माझ्याकडेच होती. सरांनी 'फेअर' मागितली होती, ती मी निखिलच्या नावाने उतरवून दिली; जुनी मागितली नव्हती. मोठ्या माणसांना वाटतं की आपण सांगितलं म्हणजे जुनं नाहीसंच झालं.

निखिलचा प्रबंधापूर्वीचा सेमिनार होता. विभाग भरलेला. परीक्षक म्हणून बाहेरच्या विद्यापीठातल्या एक वयस्कर बाई आल्या होत्या. चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. निखिलने पडद्यावर स्फटिकांचा फोटो दाखवला. बाईंनी विचारलं, हा चिकट पदार्थ तुम्ही स्फटिकात कसा आणला?

निखिल म्हणाला, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला.

मी मागच्या रांगेत होते. फ्रिजमध्ये ठेवला तर त्याचा गोळा होतो, डिंकासारखा, मग तो आठ दिवस सुटत नाही. ज्याने एकदा तरी तो हाताळला आहे, तो हे बोलूच शकत नाही. बाईंच्या कपाळावर आठी आली. त्या म्हणाल्या, थंडीत हा बसेल असं मला वाटत नाही. निखिल सरांकडे बघायला लागला.

सर हसत मागे वळले. "अरे, वो बता देगी. हमारी लड़की है, हाथ का काम यही करती है."

मी उभी राहिले.

"मैं बताऊँगी. लेकिन अपने नाम से. यह मेरी नोटबुक का काम है."

"बैठ जाओ."

"नहीं, सर."

मी पिशवीतून वही काढली, मधल्या वाटेने पुढे गेले आणि ती बाईंच्या टेबलावर उघडून ठेवली. पान, तारीख, किती थेंब, किती ऊब, किती वेळ. चुकलेले प्रयत्नही होते, प्रत्येकावर एकच रेघ, खालचं दिसणारी. फ्रिजमधल्या बाटल्यांवरची अक्षरं मी स्वतः पुसली, कोणाच्या सांगण्यावरून पुसली, हेही मी सांगितलं. बाई पानं उलटत राहिल्या. मग त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "यह सेमिनार आज यहीं रुकेगा."

पुढे न्याय झाला असं कोणी समजू नये. समिती बसली. 'गैरसमज' हा शब्द निघाला. माझा गाइड बदलला, दोन वर्षं वाया गेली. शोधनिबंध छापून आला, त्यात माझं नाव तिसरं होतं. सरांना त्यानंतर आणखी मोठे सन्मान मिळाले. मी मुलाखतींना जात राहिले आणि राखीव जागांवर एकच शेरा येत राहिला, 'नॉट फाउंड सूटेबल'. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. फरक एवढाच की आता मी हसत नव्हते. शेवटी दिल्लीत एका विद्यापीठात लागले. आज माझी प्रयोगशाळा आहे, माझे विद्यार्थी आहेत.

गेल्या आठवड्यात पत्र आलं. सर पंच्याहत्तर वर्षांचे होताहेत. गौरवग्रंथ निघतो आहे. 'एका थोर सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाची शैक्षणिक कारकीर्द' या विषयावर त्यांची 'यशस्वी विद्यार्थिनी' म्हणून मी लेख लिहावा. दोन दिवस मी ते पत्र टेबलावरच ठेवलं. मग मानेसरला फोन लावला. तिथे एका कंपनीत एकजण रसायनं तपासतो. माझ्याआधी सरांकडे होता, पीएचडी अर्धवट सोडून गेला. मराठवाड्यातला. मी विषय काढला. तो म्हणाला, "ताई, माझ्या पानांचे फोटो आहेत माझ्याकडे. आजवर कोणी मागितलेच नाहीत." त्याने आणखी दोघींचे नंबर दिले. त्यांनीही आपली पानं जपून ठेवली होती.

मी लेख लिहिते आहे. सरांची विद्वत्ता खरी आहे, तीही लिहीन, खोटं बोलणार नाही. पण ती कारकीर्द ज्यांच्या हातांनी उभी राहिली, त्या, माझ्यासह, चौघांची नावं त्यात असतील, प्रत्येक पदार्थापुढे, पानासह. संपादकांना मी कळवलं आहे की एक नाव जरी कापलं तरी लेख परत घेईन आणि तोच लेख सरांच्या विभागाच्या नोटीस बोर्डावर लावीन. ज्याला तो काढायचा असेल त्याने दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांदेखत काढावा.